मदत हवी आहे: मर्यादित आवृत्तीच्या स्पोर्ट्स कार विकताना कंपनी नेमका कसला शब्द देते?

नमस्कार मंडळी,

आमच्या कॉलेजच्या ऑटो क्लबमध्ये मला या विषयावर बोलायचं आहे आणि तयारी करताना एका ठिकाणी अडकलेय. 'दुर्मिळ म्हणून महाग' हे उत्तर सगळेच देतात, पण गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात उभं असताना कंपनी स्वतःच्या हाताने उत्पादन बंद करते, ते एवढ्याने उलगडत नाही.

फेरारीचंच बघा. १९८७ ची एफ४० ठरवली होती ४०० च्या आसपास, बनल्या १३०० हून जास्त. पुढे एफ५० च्या वेळी ३५० खपतील असा अंदाज होता, तर मुद्दाम एक कमी, म्हणजे ३४९ बनवल्या. एन्झो आधी ३४९ जाहीर केली होती, मागणी बघून ५० वाढवल्या आणि ३९९ वर थांबली. ४०० वी निघाली ती पोप जॉन पॉल दुसरे यांना देण्यासाठी आणि तिच्या लिलावाचे पैसे त्सुनामीग्रस्तांना गेले. ५०० वी लाफेरारीही २०१६ मध्ये इटलीतल्या भूकंपग्रस्तांसाठी बांधली. लिलावात तिला ७० लाख डॉलर मिळाले. म्हणजे शेवटची एक जास्तीची गाडी बनवायला दोन्ही वेळा धर्मादायाचंच कारण लागलं. मला हे फार बोलकं वाटतं.

फोर्डने उलट गिऱ्हाइकालाच बांधून घेतलं. २०१७ च्या फोर्ड जीटीसाठी आधी अर्ज करायचा, निवड झाली तर गाडी, आणि दोन वर्षं ती विकायची नाही. कुस्तीपटू जॉन सीना यांनी लगेच विकली तेव्हा फोर्डने थेट कोर्टात खेचलं. २०१८ मध्ये तडजोड झाली.

आता माझी खरी अडचण: पोर्शे ९११ आर.

२०१६ मध्ये ही गाडी आली तेव्हाची जीटी३, म्हणजे ९११ ची रेस ट्रॅकच्या धर्तीची आवृत्ती, फक्त पीडीके (क्लच पेडल नसलेल्या, स्वयंचलित) गिअरबॉक्समध्ये मिळायची. ज्याला क्लच दाबून, हाताने गिअर टाकत तसलं इंजिन चालवायचं होतं, त्याला ९११ आर हा एकच मार्ग होता. चार लिटर, ५०० अश्वशक्ती, टर्बो नाही, मागे मोठा पंख नाही, छत मॅग्नेशियमचं, आणि एकूण गाड्या ९९१. बाजारात भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट गेले. मग २०१७ मध्ये पोर्शेने जीटी३ टूरिंग आणली: तितक्याच ताकदीचं चार लिटर इंजिन, मॅन्युअल गिअर, पंख नाही आणि संख्येची मर्यादाही नाही. ९११ आरचे भाव उतरले.

पोर्शेने ९९२ वी ९११ आर बनवली नाही, म्हणजे शब्द पाळला. पण ज्या अनुभवासाठी लोकांनी पैसे मोजले तो वर्षभरात इतरांनाही मिळू लागला. ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांच्यासाठी हे चांगलंच झालं असं माझं ठाम मत आहे. तरी प्रश्न उरतो की कंपनीने जपायचं काय, आकडा की गाडीचं वेगळेपण? आणि हा शब्द करारात लिहिलेला असतो की फक्त जाहिरातीत? शोरूममध्ये किंवा कायद्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी कृपया प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १

कायद्याचं मला सांगता येणार नाही, अर्थशास्त्राचं सांगते. अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांचा १९७२ चा एक लेख आहे, टिकाऊ वस्तू आणि मक्तेदारी यावर. टिकाऊ वस्तू विकली की ती बाजारातच राहते. उद्या कंपनी तशीच आणखी काढेल, कदाचित स्वस्तात, अशी शंका आली की आजचं गिऱ्हाईक थांबतं. म्हणून कंपनीला स्वतःचे हात बांधून दाखवावे लागतात. चित्रकार ठरावीक छापे काढून छपाईची प्लेट खरवडून टाकतात, ते याचसाठी. हा शब्द एकदा मोडला तर नुकसान त्या गाडीत दिसत नाही, कारण ती विकून झालेली असते. ते दिसतं पुढच्या गाडीची आगाऊ रक्कम गोळा करताना.

पण नुसत्या आकड्याने भागत नाही. जॅग्वार एक्सजे२२० बघा. १९८८ मध्ये व्ही१२ (बारा सिलिंडरचं) इंजिन आणि चारही चाकांना ताकद असलेली गाडी दाखवली, लोकांनी ५० हजार पौंड भरून नंबर लावले. प्रत्यक्षात आली ती व्ही६ (सहा सिलिंडरची) टर्बो, ताकद फक्त मागच्या चाकांना. त्यात मंदी. पुष्कळांनी अंग काढून घ्यायचा प्रयत्न केला, प्रकरण कोर्टात गेलं. कमाल मर्यादा ३५० ची होती, ३०० सुद्धा बनल्या नाहीत.

धागाकर्ती

खूप आभार! एक्सजे२२० डोक्यातच आली नव्हती. तिथे संख्या ठरल्यापेक्षा कमी राहूनही लोक बिथरले, कारण गाडीच बदलली होती. मग ९११ आरच्या मालकांची तक्रार मी समजले त्यापेक्षा रास्त आहे का, हे पुन्हा तपासायला हवं. अशा गाडीचं बुकिंग करताना सही केलेला कागद कुणी पाहिला असेल, तर त्यात संख्येबद्दल आणि पुढच्या मॉडेलबद्दल काय लिहिलं होतं तेवढं सांगा. नाव-गाव नको, फक्त अटींचा आशय पुरे.