मदत हवी आहे: लॅपटॉपचं वायफाय कार्ड बदलायचंय, लिनक्सवर कोणतं नीट चालेल?

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीच्या लॅपटॉपवर उबंटू २२.०४ (लिनक्सचा एक प्रकार) आहे. वायफाय आधी अधूनमधून तुटायचं, आता कार्डच गायब होतं. 'एलएसपीसीआय' (जोडलेल्या हार्डवेअरची यादी दाखवणारी लिनक्सची आज्ञा) दिल्यावर यादीत कधी दिसतं, कधी नाही. पेनड्राइव्हवरून फेडोरा हे दुसरं लिनक्स चालवून पाहिलं, तिथेही तेच. कार्ड काढून पुन्हा बसवलं तरी फरक नाही, म्हणजे दोष ड्रायव्हरचा नसून कार्डाचाच असावा. सध्या फोनच्या यूएसबी टेदरिंगवर भागतंय, पण तिचं शेवटचं वर्ष आहे आणि प्रोजेक्ट तोंडावर आलाय.

जुनं कार्ड एम.२ २२३० आकाराचं, सुटं होणारं आहे. प्रोसेसर एएमडीचा. त्यामुळे इंटेलचं एएक्स२११ हे वायफाय कार्ड बादच, ते इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांवरच चालतं. इंटेलचंच एएक्स२१० मात्र साध्या पीसीआयईवर (कार्ड जोडायची सर्वसाधारण पद्धत) चालतं आणि लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१० पासून त्याचा ड्रायव्हर आत असतो. नावं इतकी सारखी, की दुकानात डबा नीट वाचूनच घ्यावा लागेल!

एएमडीच्या लॅपटॉपवर एएक्स२१० कुणी वापरतंय का? झाकण मिटून उघडल्यावर वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही परत येतात का? काही लॅपटॉपांचा बायोस (लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अनोळखी कार्ड नाकारतो, ते विकत घेण्याआधी कसं तपासायचं?

शनिवारी मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायचा विचार आहे. पक्कं बिल देणारं आणि अँटेनाच्या नाजूक वायरी सांभाळून जोडून देणारं दुकान माहीत असेल तर कृपया सांगा. साधारण भावही कळवा.