प्रतिसाद: किम आडनाव आणि त्याची कुळं

वरच्या चर्चेत 'कोरियातले किम आडनावाचे सगळे लोक एकाच कुळाचे' असं आलंय, ते बरोबर नाही. दक्षिण कोरियाच्या २०१५च्या जनगणनेत किम एक कोटीहून जास्त होते, पण कूळ ठरतं ते आडनाव अधिक 'बोनग्वान' म्हणजे मूळगाव या जोडीवरून. गिमहे या मूळगावचे किम प्राचीन गाया राज्याच्या सुरो राजाला मूळपुरुष मानतात, ग्योंगजूचे किम प्राचीन सिल्ला राज्याच्या किम अल्जीला. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

खरी गंमत उलट बाजूला आहे. गिमहेचे 'हो' आणि इंचनचे 'यी' आडनावाने वेगळे, तरी सुरोचेच वंशज मानले जातात. त्यामुळे गिमहे किमांशी त्यांची सोयरीक परंपरेने वर्ज्य. (सुरोची राणी 'अयुता' नावाच्या ठिकाणाहून आली ही आख्यायिका आहे. ती अयोध्येचीच होती याचा तो पुरावा समजू नये.)

गिमहे किम लिहिलं म्हणजे सुरोचा वंश, हेही गृहीत धरू नका. १५९२च्या जपानी स्वारीत कोरियाच्या बाजूला गेलेल्या एका जपानी सरदाराला राजाने किम आडनाव दिलं. त्याचेही वंशज गिमहेच लावतात, पण शाखा अगदी वेगळी.

कुळाचा शोध घेताना आधी कौटुंबिक दाखल्यातला 'बोन' म्हणजे मूळगावाचा रकाना बघा, मग शाखा म्हणजे 'फा' विचारा. सगोत्र विवाहबंदीचा कायदा १९९७च्या घटना न्यायालयाच्या निकालाने निष्प्रभ झाला. आता रक्ताच्या नात्यात बंदी आठव्या पायरीपर्यंतच आहे.