एसीपी प्रद्युमनची एकही केस कोर्टात टिकली नसती

खडूस मुलुंडकर (धागाकर्ता):
'सीआयडी' १९९८ साली सोनीवर सुरू झाली, २०१८ ला थांबली आणि डिसेंबर २०२४ मध्ये परत आली. एप्रिल २०२५ मध्ये मालिकेने एसीपी प्रद्युमनला मारलं, तेव्हा लोकांनी घरातलं कोणी गेल्यासारखं सुतक पाळलं. पुढे तो जिवंत परतला, तेव्हा पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. ते काम करणारे शिवाजी साटम माझ्याही आवडीचे नट. भांडण आहे ते पात्राशी.

दीड हजारांवर भाग झाले, पण शेवट किती वेगळे निघतात? संशयितांना एका खोलीत गोळा करायचं, खऱ्या खुन्याच्या कानाखाली आवाज काढायचा, तो घडाघडा सगळं सांगतो, साहेब फाशी जाहीर करतात, श्रेयनामावली. आता कायदा बघा. पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरताच येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ हेच सांगत होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २३ हेच सांगतं. इंग्रजांनी स्वतः उभ्या केलेल्या पोलिसांवरही एवढा भरवसा ठेवला नव्हता. फाशीचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बचन सिंग निकालापासून ती दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात, तीही न्यायाधीश देतात.

माझा आक्षेप तांत्रिक नाही. कबुली मिळाली म्हणजे तपास संपला, हे या माणसाने दोन पिढ्यांच्या डोक्यात पक्कं बसवलं. म्हणून पेपरात 'आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली' एवढं वाचलं की आपण पान उलटतो. ती कबुली कोणत्या खोलीत आणि कशी मिळाली, हे विचारायचं सुचतही नाही.

अनघा नाशिक:
विक्रमाच्या पाठीवरच्या वेताळाकडेसुद्धा तुम्ही पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट मागाल! अहो, रात्रीची भांडी आवरून बघायची मालिका ती.

तरी गंभीरपणे घ्यायचंच तर काळ बघा. १९९८ ची मुंबई म्हणजे टोळीयुद्ध आणि बिल्डरांना खंडणीचे फोन. आदल्याच वर्षी अंधेरीत गुलशन कुमारांवर दिवसाढवळ्या गोळ्या झाडलेल्या. पेपरांतले पोलिस हिरो कोण होते आठवतंय? ज्याच्या नावावर जास्त चकमकी, तो मोठा. त्याच वर्षांत टीव्हीवर पन्नाशीला टेकलेला एक अधिकारी बोटं हवेत फिरवत नुसता विचार करताना दिसतो. प्रश्न विचारतो, प्रयोगशाळेत जातो, सहकाऱ्यांचं ऐकून घेतो आणि खुन्याला बहुतेक वेळा जिवंत पकडतो. लाच नाही, राजकारण्यांपुढे लोटांगण नाही. मुलगा नकुल गुन्हेगारीत गेला तेव्हा त्यालाही सोडलं नाही. त्या दिवसांत एवढंसुद्धा कमी नव्हतं.

खडूस मुलुंडकर:
चकमकीपेक्षा बरा, मान्य. पण ही पायरी फार खालची लावलीत तुम्ही. चकमक असो की कानाखाली, न्यायाधीशाची गरज दोन्हीकडे संपलेलीच असते. आणि नकुलवर गोळी झाडली ती बापाने. सख्ख्या मुलाचं प्रकरण कोणता अधिकारी स्वतःकडे ठेवतो? खऱ्या खात्यात तपास तासाभरात दुसऱ्याकडे गेला असता. मालिकेने त्याला त्याग म्हणून रंगवलं.

पंच क्रमांक दोन:
कबुलीचं सोडा. मला खटकतो तो मुद्देमाल. रुमालात पिस्तूल गुंडाळलं, खिशातून पिशवी काढली, झाली जप्ती.

मी एकदा खरोखर पंच होतो, हे टोपणनाव तेव्हापासूनचं. रस्त्यावरून जाताना हवालदाराने बोलावून घेतलं. प्रत्येक वस्तूचं वर्णन, ती कुठे पडली होती, भिंतीपासून किती अंतरावर, सगळं लिहिलं. मग पाकिटं, दोरा, लाख, लेबलांवर आम्हा दोघांच्या सह्या. अर्धी रात्र त्यात गेली. कित्येक वर्षांनी साक्षीचं समन्स आलं. बचावाच्या वकिलाने खून कोणी केला हे विचारलंच नाही. लाखेवरचा ठसा कशाचा होता, दिवा चालू होता का, सही आधी केली की लेबल आधी चिकटवलं, एवढंच. खटले अशा ठिकाणी सुटतात. प्रद्युमनच्या फौजेत पंच नाहीत, स्टेशन डायरी नाही, लिहिणारा माणूसच नाही. दार तोडायला मात्र पगारी अधिकारी आहे.

वकीलबाई:
धागाकर्त्यांनी कायदा अर्धाच सांगितला, म्हणून लिहिते. कबुली चालत नाही, पण तिच्यामुळे एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. जुनं कलम २७, आता कलम २३ चं परंतुक, म्हणजे अपवाद. आरोपी म्हणतो 'चाकू मोरीमागे पुरलाय', पंचांसमोर मेमोरंडम पंचनामा होतो, सगळे तिथे जातात, चाकू निघतो. 'पुरलाय' आणि 'निघाला' एवढं ग्राह्य. 'त्याच चाकूने मी मारलं' हे वाक्य बाद. मालिकेत पुष्कळ वेळा हत्यार, रक्ताचे कपडे, विषाची बाटली सापडते. तेव्हा 'एकही केस टिकली नसती' हे शीर्षक टाळ्या घेण्यासाठी ठीक आहे.

उलट मला हे पात्र एका बाबतीत काळाच्या पुढचं वाटतं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये आता आलं. झडती-जप्तीचं चित्रीकरणही आलं. प्रद्युमन १९९८ पासून डॉ. साळुंखेंशी भांडत का होईना, पण प्रयोगशाळेचं उत्तर आल्याशिवाय पुढे सरकत नाही. माझ्या अशिलांचे नातेवाईक मला विचारतात, "मॅडम, रिपोर्ट आला का?" ही सवय त्यांना कोणी लावली?

खडूस मुलुंडकर:
सवय लावली, पण रिपोर्ट दहा मिनिटांत येतो अशी. शवविच्छेदन रुग्णालयातला डॉक्टर करतो, व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, कलिन्याच्या प्रयोगशाळेत जातो, विष बघणारा वेगळा, गोळी बघणारा वेगळा, डीएनए बघणारा तिसराच. साळुंखे हे सगळं एकटे करतात, वर मृताच्या हातातली अंगठी कोणत्या सराफाकडची तेही सांगतात. मग खरा रिपोर्ट महिनोन्‌महिने आला नाही की लोकांना वाटतं पोलिसांनी पैसे खाल्ले. आणि मेमोरंडम पंचनाम्याला पंच लागतात, ते पंचसाहेब वर शोधतायत.

टोरांटोचा बंड्या:
इकडे अजून लोक 'कोलंबो' बघतात. पीटर फॉकचा लॉस एंजेलिसचा लेफ्टनंट, १९६८ मध्ये पहिल्यांदा दिसला, १९७१ पासून मालिका. खून कोणी केला हे प्रेक्षकाला सुरुवातीलाच दाखवतात. चुरगळलेल्या रेनकोटातला हा गृहस्थ निघता निघता दारातून परत फिरून एक प्रश्न विचारतो आणि खुन्याची झोप उडवतो. त्याचेही कित्येक पुरावे वकिलाने पाच मिनिटांत उडवले असते. तरी आरोपी शेवटी शहाण्यासारखा गाडीत बसतो. त्यावर कोणी धागे काढत नाही. गंमत असते ती बुद्धीच्या कुस्तीत. प्रद्युमनला वेगळा न्याय का?

खडूस मुलुंडकर:
कारण अमेरिकेतला कायदा वेगळा. १९६६ च्या मिरांडा निकालाप्रमाणे हक्क समजावून, दबाव न आणता घेतलेली कबुली तिथे पोलिसासमोरची असली तरी चालते. आणि कोलंबो हात उगारत नाही. खुनी हरतो तो त्याच्या प्रश्नांपुढे. प्रद्युमनचा आरोपी थपडेपुढे हरतो. कुस्ती बुद्धीची आहे की पंजाची, एवढाच फरक.

भुसावळकर:
अवांतर: मुंबई दूरदर्शनवरची 'एक शून्य शून्य' कोणाला आठवते का? तीही 'सीआयडी'वाल्या बी. पी. सिंग यांचीच, आणि साटम तिच्यातही होते. मराठी पोलिस मराठी बोलायचे. त्यांचं हिंदीत जाऊन चकचकीत जाकीट झालं.

आणखी एक. आपल्याकडे पोलिस आडनावाने ओळखला जातो. छातीवरच्या पट्टीवर जे असेल ते, 'जाधवसाहेब आहेत का?' या पथकात मात्र दया, अभिजीत, प्रद्युमन. आडनावाचा मान साळुंखे आणि फ्रेडरिक्स यांनाच. कुठल्याही प्रांतातल्या माणसाला आपला वाटावा म्हणून असेल. पण त्यामुळे तो मुंबईचा पोलिस राहत नाही. राज्याच्या सीआयडीचं मुख्यालय पुण्यात, मुंबईत तपास करते गुन्हे शाखा. प्रद्युमन नक्की कोणाच्या हाताखाली, हा वीस वर्षांचा अनुत्तरित प्रश्न आहे.

अनघा नाशिक:
गुन्हे शाखेच्या कागदांवर 'डीसीबी सीआयडी' असंच असतं, तेव्हा नावाला आधार आहे.

आणि मुलुंडकर, त्या थपडेबद्दल एक सांगते. लोक ती बघून टाळ्या वाजवतात, कारण त्यांचे स्वतःचे खटले वर्षानुवर्षं तारखांवर अडकलेले असतात. हा राग प्रद्युमनने निर्माण केला नाही. त्याने तो तासाभरात शांत करायची सोय केली. मालिका बंद केली म्हणून तारखा लवकर लागणार नाहीत.

खडूस मुलुंडकर:
मालिका बंद करा असं मी म्हटलेलंच नाही. पण राग शांत करण्याची सोय आणि राग योग्य जागी वळवणं यात फरक आहे. तारखा का पडतात? जज कमी, प्रयोगशाळा तुंबलेल्या, पंच फितूर. यातलं एखादं कारण दीड हजारातल्या किती भागांत दिसलं? खुनी सुटला आणि प्रद्युमनला त्याचं कारण शोधावं लागलं, असा एक भाग केला असता तर मी हा धागा काढला नसता. २००४ मध्ये १११ मिनिटांचा अख्खा भाग एका शॉटमध्ये काढायची हिंमत या मंडळींकडे होती. एवढी तालीम करणाऱ्यांना कोर्टाचा एक प्रसंग जड नव्हता.

पंच क्रमांक दोन:
+१. उलटतपासणीत प्रद्युमन, हे बघायला मी पैसे देईन.

भुसावळकर:
हे पण सांगा, हा माणूस निवृत्त कधी होतो? राज्य सेवेतल्या अधिकाऱ्याचं नियत वयोमान ५८. साटमांचा जन्म १९५० चा, म्हणजे पात्राचंही तेच वय धरलं तर २००८ ला नारळ आणि शाल. आणि त्याआधी दहा वर्षांत एकही बढती नाही?

वकीलबाई:
बढती मिळाली असती तर धागाकर्त्यांचा मूळ मुद्दाच डळमळला असता. महाराष्ट्रात संघटित गुन्हेगारीविरुद्धचा १९९९ चा कायदा, मोक्का, आहे. त्यात अधीक्षक दर्जाच्या, म्हणजे मुंबईत डीसीपी (पोलिस उपायुक्त) किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली पुराव्यात चालते. ती नोंदवून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावी लागते, वगैरे. एसीपी नेमका एक पायरी खाली. त्याला मोक्क्याचा तपास करता येतो, कबुली घेता येत नाही. एकदा डीसीपी करून टाकायला हवा होता.

खडूस मुलुंडकर:
करा की डीसीपी. पण मोक्का लावायला टोळी लागते, आणि मागच्या दहा वर्षांत एकाहून जास्त दोषारोपपत्रं लागतात. आमचे साहेब पकडतात ते इस्टेटीसाठी मावशीला विष देणारे भाचे. त्या भाच्यावर मोक्का कोण मंजूर करणार?