घारापुरीची शिल्पं निवांत बघायची आहेत, कसं प्लॅन करू?

नीरजा_पुणे
नमस्कार मंडळी, डिसेंबरात बाबांना घेऊन घारापुरीला (एलिफंटा लेणी) जायचं ठरतंय. बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे, आता रिटायर झालेत, आणि लेणी बघायची म्हणजे एकेका मूर्तीपुढे अर्धा तास उभं राहणार हे नक्की. त्यामुळे लाँचने गेलो, फोटो काढले, परत आलो असं नकोय. त्यांचे गुडघे दुखतात, तर पायऱ्यांचं काय करायचं? गर्दी कधी कमी असते? आणि आत नेमकं काय, कुठून बघायला सुरुवात करायची हे कोणी जाणकार सांगेल का?

मोरा_बंदर
ताई, बेट आमच्या उरण तालुक्यात येतं म्हणून सांगतो. सोमवारी लेणी बंद असतात, तो दिवस सोडा. शनिवार-रविवार पण सोडा. गेटवेवरून पहिली लाँच सकाळी नऊच्या सुमारास सुटते तीच पकडा, तासभर लागतो. डिसेंबर चांगलाय, पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद ठेवतात. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि घातल्याशिवाय बसू नका, डिसेंबर २०२४ मध्ये नेव्हीची स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळून माणसं गेलीत याच मार्गावर, तेव्हा बाबांना गरम होतंय वगैरे ऐकू नका.

जेट्टीवरून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे. पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, पण डोलीवाले असतात, चार जण खुर्चीत बसवून वर नेतात. भाव आधी ठरवा आणि उतरायचं पण त्यातच बोलून घ्या. आणि एक विनंती, काही खायचं-प्यायचं असेल तर बेटावरच्या लोकांकडून घ्या. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशी तीन गावं आहेत तिथे, समोर अख्खी मुंबई झगमगते आणि यांच्याकडे समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती थेट २०१८ मध्ये. त्यांचं पोट तुमच्यासारख्या येणाऱ्यांवरच आहे.

छिन्नी_हातोडा
बाबांसाठी लिहितोय, म्हणून जरा लांबेल.

सगळे उत्तरेच्या दारातून आत शिरतात आणि सरळ समोरच्या मोठ्या मूर्तीकडे धावतात, तसं करू नका. आधी पूर्वेच्या अंगणात जाऊन तिथून आत बघा. चार दारांचं लिंगमंदिर आहे ते या पूर्व-पश्चिम रेषेवर बरोबर समोर येतं, लेण्याचं मूळ तोंड पूर्वेकडेच असावं असं बरेच अभ्यासक मानतात आणि तिथे उभं राहिलं की ते पटतं. सकाळी उजेड पण याच बाजूने येतो, खांबांमधून तिरका, आणि तिरक्या उजेडातच कोरीव कामाची खोली कळते. दुपारी तीच मूर्ती सपाट दिसते. पहिली लाँच घ्यायचं खरं कारण हे आहे.

मग मोठी मूर्ती. दगडाच्या पोटात खोल कोरलेली, अठरा-वीस फूट उंच, नुसते चेहरे आणि खांदे. लोक त्रिमूर्ती म्हणतात आणि ब्रह्मा-विष्णू-महेश समजतात, पण तिन्ही चेहरे शिवाचेच आहेत, हा सदाशिव आहे. आपल्या डाव्या हाताचा अघोर, म्हणजे शिवाचं उग्र रूप, मिशा आहेत, कपाळाला आठी, हातात साप. उजवीकडचा वामदेव, म्हणजे सौम्य रूप, बाईसारखा नाजूक, हातात कमळ. मधला डोळे मिटून शांत. बाबांना ओठ बघायला सांगा, तिन्ही चेहऱ्यांचे ओठ वेगळे आहेत आणि फक्त तेवढ्यावरून तीन स्वभाव कळतात.

मूर्तीच्या डावीकडे अर्धनारीश्वर, उजवीकडे गंगाधर, म्हणजे गंगा डोक्यावर झेलणारा शिव. पण माझ्या मते सगळ्यात सुंदर पॅनल पश्चिमेकडचं शिव-पार्वतीच्या लग्नाचं आहे आणि तिथे कोणी थांबत नाही. पार्वतीचा हात शिवाच्या हातात द्यायचा क्षण आहे तो. ती मान खाली घालून किंचित मागे रेललीय, मागून बाप तिला हलकेच पुढे करतोय, खाली ब्रह्मदेव भटजी होऊन होमापाशी बसलाय. पाय तुटलेत, हात तुटलेत, तरी त्या मुलीची लाज जशीच्या तशी उरलीय. सहाव्या शतकात कोणी कोरलं त्याचं नाव माहीत नाही. बेटावर कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी सापडली म्हणून त्या काळाशी जोडतात. शिलालेख होता, पण तो पोर्तुगीजांनी काढून पोर्तुगालला पाठवला असं पोर्तुगीज इतिहासकार दियोगो द कूतो लिहून गेलाय आणि पुढे त्याचा पत्ताच नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

सई_७
वरच्या सगळ्याला +१. फक्त एक, इतकं सगळं एका दमात बघायला लावू नका. मधे कठड्यावर बसवा, पाणी द्या, पिशवी मात्र बंद ठेवा कारण माकडं बाटली सरळ हातातून ओढतात. बाबांना स्केचबुक द्याच, गर्दी आली की फोटोवाले समोर उभे राहतात, पण बसून चित्र काढणाऱ्या माणसाला लोक जागा देतात असा माझा अनुभव आहे.

भायखळा_ईस्ट
हत्ती विसरू नका! एलिफंटा हे नाव ज्यावरून पडलं तो दगडी हत्ती बेटावर नाहीच आता. धक्क्याजवळ उभा होता, पोर्तुगीजांनी तो बघूनच नाव ठेवलं. १८१४ मध्ये त्याचं डोकं आणि मान तुटून पडली, १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला उचलायला गेले तर क्रेनच मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याच्या राणीच्या बागेत आले आणि १९१४ मध्ये जोडून परत उभा केला. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला आहे, जोडाच्या भेगा स्पष्ट दिसतात. तिथेच आवारात ब्रिटिशांचे हटवलेले पुतळे पण ठेवलेत, काळा घोडा म्हणतो आपण तो मूळ घोड्यावरचा राजा १९६५ मध्ये तिकडेच आणला. बाबांना हे बघून फार आवडेल, हजाराहून जास्त वर्षांच्या अंतराने केलेलं दगडकाम आणि धातूकाम एकाच झाडीत.

नीरजा_पुणे
किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, थँक्यू! बाबांना वाचून दाखवलं, ते लग्नाचं पॅनल म्हटल्यावर लगेच पेन्सिली काढून बसले. हत्ती त्याच दिवशी संध्याकाळी होईल का?

भायखळा_ईस्ट
नको हो, लाँचमधून उतरेपर्यंत थकतील. आणि बुधवारी राणीची बाग बंद असते, म्हणून मंगळवारी बेट करू नका. गुरुवारी घारापुरी आणि शुक्रवारी सकाळी हत्ती असं ठेवा, भायखळा स्टेशनला ईस्टला उतरलात की टॅक्सीने पाच-दहा मिनिटं.