लहानपणीची मारहाण आणि आताची पाठदुखी यांचा संबंध असतो का?

ऐरोलीकरीण
माझे वय 39 आहे. मान, खांदे आणि कंबर कित्येक वर्षांपासून दुखते. एमआरआयमध्ये वयाच्या मानाने सर्वसाधारण झीज दिसली, रक्ततपासण्या ठीक आल्या आणि फिजिओथेरपीने तात्पुरता आराम पडतो. अलीकडे ठाण्यातील एका वेदनातज्ज्ञांनी बालपणाविषयी विचारले, तेव्हा वडिलांच्या पट्ट्याचा मार आणि घरातली सततची धास्ती यांविषयी मी प्रथमच एखाद्या डॉक्टरांशी बोलले. त्यांनी औषधांबरोबर समुपदेशन सुचवले. माझे दुखणे ‘मनाचे’ आहे, असेच ते आडून सांगत होते का? आणि कारण तेच असेल, तर माझ्याइतकाच मार खाल्लेल्या धाकट्या भावाला काहीच त्रास कसा नाही? आई म्हणते, तेव्हा घरोघरी मुलांना मारत असत.

पाचपाखाडीतील फिजिओ
ताई, दुखणे खरे आहे. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये सुधारलेल्या व्याख्येनुसार वेदना हा संवेदना आणि भावना या दोहोंचा अनुभव असतो, आणि त्यासाठी शरीराला प्रत्यक्ष इजा झालेलीच असावी अशी अट नाही. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्यात पुष्कळदा मज्जारज्जू आणि मेंदू यांतील वेदनेची यंत्रणाच अतिसंवेदनशील होते. मग ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत इतरांना जाणवणारही नाही असा धक्का दिवसभर ठणकत राहतो. मूल सतत धास्तीत वाढले, तर कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकांची ताणाला प्रतिसाद देणारी व्यवस्था आणि झोप यांची घडी बिघडू शकते, आणि त्यातून ही संवेदनशीलता वाढण्यास वाव मिळतो. एमआरआय रचना दाखवतो, संवेदनशीलता दाखवत नाही.

मात्र बालपणात कारण सापडले असे मानून तपासण्या सोडू नयेत. ताप, विनाकारण घटणारे वजन, पायांतील वाढती कमजोरी किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

जुना वाचक
वरील खुलासा पटतो, पण संशोधन इतके सरळ नाही. ब्रिटनमध्ये मार्च 1958 मधील एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा पुढे दीर्घकाळ पाठपुरावा झाला. बालपणी संस्थेत राहावे लागलेल्या, आई गमावलेल्या किंवा आर्थिक ओढग्रस्तीत वाढलेल्या व्यक्तींमध्ये पंचेचाळिशीत अंगभर पसरलेले जुनाट दुखणे अधिक आढळले. उलट, अमेरिकेत ज्या मुलांवरील अत्याचारांची न्यायालयीन नोंद झाली होती, त्यांची मोठेपणी पाहणी केली, तेव्हा इतरांच्या तुलनेत दुखण्याचे प्रमाण तसे वाढलेले दिसले नाही. प्रौढांनी स्वतः आठवून सांगितलेल्या अत्याचारांशी मात्र दुखण्याचा संबंध दिसला. हा 2001 चा निष्कर्ष होता. त्याच अभ्यासातील लोकांविषयी 2011 मध्ये असे आढळले की, नोंदलेल्या अत्याचारासोबत आघातोत्तर ताणविकारही (भीषण अनुभवानंतर मनात टिकून राहणारा त्रास, पीटीएसडी) असलेल्यांना अधिक वेदना होत्या. म्हणजे मारापेक्षा त्याने मनावर काय उरले, याला अधिक महत्त्व असावे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला इथे दिसते. अर्थात भावाला खरोखरच काही होत नाही, की तो सांगत नाही, हे त्यालाच विचारलेले बरे.

निवृत्त बाई, कोपरखैरणे
आईचे म्हणणे वस्तुस्थिती म्हणून खोटे नाही. केंद्र सरकारच्या 2007 च्या पाहणीत 13 राज्यांतील दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक मारहाण सोसल्याचे आढळले होते. शाळेतील मारास शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने 2009 मध्ये मनाई केली. त्याआधीच्या शिक्षककक्षांतील संभाषणे मी ऐकली आहेत, त्यामुळे या ‘घरोघरी’चे मला मुळीच कौतुक नाही. आईकडून कबुली मिळाल्याशिवाय उपचार सुरू करायचे नाहीत, असे मात्र करू नका. मानसोपचाराचे नाव काढताच ‘ठाण्याला पाठवा’ अशी थट्टा करणारे नातेवाईक आपल्याकडे असतातच. त्यांना सांगण्याची गरज नाही. आधी केवळ बोलून पाहायचे असेल, तर 14416 या टेलि-मानस क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

ऐरोलीकरीण
आभारी आहे. समुपदेशनात सारे पुन्हा तपशीलवार सांगावेच लागते का? माझी तशी तयारी नाही.

पाचपाखाडीतील फिजिओ
नाही, आणि हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे. वेदनेसाठीच्या वर्तन-उपचारात बहुतेक काम आजच्या झोपेवर, हालचालीच्या भीतीवर आणि दुखले की मनात येणाऱ्या विचारांवर चालते. त्याच्या जोडीला चालणे थोडेथोडे वाढवावे. बऱ्या वाटणाऱ्या दिवशी घरातली सगळी कामे उरकून पुढचे दोन दिवस अंथरुणात काढणे, ही सवय आधी मोडावी लागते.