घोकणे, घोटणे आणि रियाज

प्रश्न : संगीतशिक्षणावरच्या लेखाचा अनुवाद करतोय. त्यात 'डेलिबरेट प्रॅक्टिस' पानोपानी आहे. 'हेतुपुरस्सर सराव' लिहून पाहिलं, सरकारी परिपत्रक वाटलं. नुसतं 'रियाज' चालेल? आणि रियाज की रियाझ?

— दोन्ही रूपं छापलेली दिसतात. मूळ अरबी, अर्थ कसरत, शिस्त लावणं. घोड्याला वळण लावण्यापर्यंत तो पोचतो. आजच्या अरबीत 'रियाधा' म्हणजे खेळ-व्यायाम. (आपल्याकडेही 'तालीम' आखाड्यात आणि नाटकात दोन्हीकडे आहेच.) पण रियाज म्हणजे अख्खी बैठक. पहाटेचा खर्ज, पलटे, येत असलेली बंदिश मजेत गाणं, सगळं त्यात आलं. तुमच्या लेखातला अर्थ त्याहून अरुंद दिसतोय.

— अरुंदच आहे. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनच्या व्हायोलिनवादकांवरच्या निबंधात तो मांडला. लोकांनी त्यातले सरावाचे दहा हजार तास तेवढे उचलले. खरा भर होता तो नेमकी उणीव हेरून तेवढ्यावरच काम करण्यावर.

याला आपल्याकडे 'घोटणे' आहे की! यमन रागाच्या आरोहात पंचम वगळून 'मं ध नि' ('मं' म्हणजे तीव्र मध्यम) जायचं, तर नवशिक्याचा गळा सवयीने 'मं प ध' करतो. अख्खी तान पन्नासदा म्हटली तर चूकच पक्की होते, ते घोकणं. गुरुजी तान थांबवतात, तीनच स्वर घ्यायला लावतात, संथ. पंचम पुन्हा घुसला की पुन्हा तिथूनच. साफ आलं की दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, मग मागचेपुढचे स्वर जोडायचे. ही जागा घोटणं. खलात औषधाची मात्रा घोटतात तसं.

— तबल्यातही कायदा (बोलांची बांधलेली रचना) घोटतात, पण हात चुकीचा बसला असेल तर तोही घोटला जातो. ते कळायला ऐकणारा कान हवा. म्हणून 'घोटवून घेणे' जास्त जवळचं, त्यात शिकवणारा आहे. एरिक्सनच्या व्याख्येतही तो आहे.

— प्रश्नकर्ता : पटलं. मग नाम म्हणून 'घोटीव सराव' करू?

— नको हो. घोटीव म्हणजे घोटून झालेलं, घोटीव अक्षर म्हणतो तसं. तुम्हाला चालू असलेली क्रिया हवीय. पहिल्यांदा 'जागा घोटण्याचा रियाज' लिहा, पुढे नुसतं 'घोटणं'. आणि 'उगाळणं' चुकूनही नको, त्याला तेच तेच बोलण्याचा वास येतो.