मदत हवी आहे: लाईट गेली की हवेची गादी बसते

धारूर तालुक्यातल्या एका वस्तीवर कमरेखाली संवेदना नसलेला तरुण मुलगा आहे. घरचे ऊसतोडीला गेलेत, मागं एकटी आजी. दुहेरी घडीचं लुगडं कमरेखाली घालून ती दर दोन तासांनी त्याची कूस बदलते. रात्री मात्र तिच्याच्यानं होत नाही. माकडहाडावर लाल डाग आलाय, बोटानं दाबला तरी पांढरा पडत नाही. एकाच कुशीवर दाब पडून होणाऱ्या जखमेची ही पहिलीच पायरी, म्हणून घाई आहे.

हवेची गादी आणलीय, पण लाईट गेली की पंप बंद पडतो, हवा उतरते आणि हाडं थेट बाजेला टेकतात. पंप जेमतेम ८ वॅटचा आहे. १२ व्होल्टची बॅटरी आणि छोटा इन्व्हर्टर कुणी लावलाय का? बॅटरी किती अ‍ॅम्पिअरची, रात्रभर पुरते का?

दुसरं, ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के दिव्यांग निधी. लहान गावात तो सगळ्यांना सारखा वाटला की कुणाच्याच गरजेला पुरत नाही. गादी-बॅटरीसारख्या वस्तूंसाठी कुणी ठराव करून घेतला असेल तर त्याचा मजकूर इथं टाका. आणि आजीला रात्रीची एक पाळी तरी झोप मिळावी म्हणून तुमच्या गावात काय सोय केलीत?